बदली तासाची बाई

"बाई, सातवी अ रिकामी आहे. जाऊन बसा जरा," काळुराम सर म्हणाले.

ग्रंथपाल दर्शनाबाईंची किल्ली कुलपात निम्मी गेलेली. "सर, आत्ता नववी ब येणार इथे. तुम्हीच तास दिलाय."

"दिलाय ना. पण ऋजुताबाई टिटवाळ्याहून आल्याच नाहीत, त्याला मी काय करू?"

मानपाड्याच्या त्या शाळेचं वेळापत्रक काळुराम सर करायचे. मनात आलं असतं तर त्यांनी सूर्यालाही चौथ्या तासाला बदलीवर धाडलं असतं. एकोणीस वर्षं ग्रंथालयाचा तास शनिवारी शेवटचा, आणि दर शनिवारी गणित तो गिळायचं. मधल्या सुट्टीत यावं, तर तीन जिने चढेपर्यंत घंटा. आत इतकी शांतता, की वाळवीसुद्धा दबक्या दातांनी खायची. बाई मात्र खडू घेऊन वर्गावर्गातून बदली तास घेत फिरायच्या.

मुख्याध्यापिका विनिता मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, "आज नोंदवहीत मुलांची नावं दिसली नाहीत, तर सोमवारपासून त्या खोलीत दहावी ड बसेल. पुस्तकं गोणीत भरा." म्हणून तर महिनाभर मागे लागून बाईंनी हा एक तास मिळवला होता.

सातवी अ बरोबर ग्रंथालयाखाली. बासष्ट पोरं, सोडून हलायची सोय नाही. किल्ली मुलांना द्यायची नाही, हा नियम बाईंनीच दारावर लाल शाईने लिहिलेला.

जिन्यात नववीची रांग भेटली. पुढे सान्वी होती. "बाई, आम्ही परत जाऊ? गणिताचे सर बोलावतायत."

"जाऊ नका." बाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "वहीत नाव, पुस्तक, सही. खिडकीजवळचं कपाट अडकतं, खालून लाथ मारायची."

"लाथ, बाई?"

"हळू मार. एकोणीस वर्षं मीच मारतेय."

तास संपल्यावर बाई वर आल्या. भूगोल पाककृतींत घुसला होता, कवितांवर विज्ञान आडवं पडलं होतं. विनिता मॅडम नोंदवही चाळत होत्या, शेजारी काळुराम सर. चव्वेचाळीस नावं.

"छान. खोली राहू दे," मॅडम म्हणाल्या. बाई दिवसात पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. "आणि बघा, तुम्ही नसतानाही चाललं की. सर, बाईंना रोज सगळे तास लावा. इथलं मुलं बघतील."

"मॅडम, मी ग्रंथपाल आहे."

"आहातच. हजेरीपटावर."

वाद घातला तर दहावी ड आलीच. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "चालेल," त्या म्हणाल्या.

सोमवारी चौथ्या तासाला बाई सातवी अ मध्ये नद्या लिहून देत होत्या. वर ग्रंथालयात पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या. बाईंचा खडू फळ्यावर थांबला.

"बाई, भीमेनंतर कोण?" पहिल्या बाकावरच्या हर्षितने विचारलं.

"थांब जरा."

वर शेवटची खुर्ची ओढली गेली, कुणीतरी बसलं, आणि मग काहीच ऐकू येईना.