न वाचता पुढे गेलेली फीत

मी एक जुनी लाल फीत आहे, आणि माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, त्यात माझा दोष नाही. माझे आयुष्य मिटलेल्या पुस्तकात गेले. तिथे दिसते थोडे आणि ऐकू येते फार. पाऊल वाजले की कोण आले, पान उलटले की का उलटले, याचा अंदाज बांधत बसावे लागते.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीच्या दुकानात झाला. या घरातल्या आजीचे बायबल खिळखिळे झाले होते. बांधणाऱ्याने ते नव्याने शिवले आणि रिळावरून हातभर कापून मला त्याच्या पाठीत चिकटवले. "वाचून झालं की हिला त्या पानावर ठेवा. नुसती शोभेला लोंबत ठेवू नका," असे तो आजीला म्हणाला. माणूस फटकळ होता, पण मला आवडला.

मग कितीतरी वर्षे माझे काम बिनबोभाट चालले. संध्याकाळी सात वाजले की आजी सगळ्यांना हाक मारी. एक अध्याय, मग प्रार्थना, मग जेवण. आजीच्या डोळ्यांना अक्षरे दिसेनाशी झाल्यावर वाचायचे काम तिच्या मुलाकडे आले. तो पंखे दुरुस्त करतो. मला उचलण्याआधी तो बोटांचे ग्रीस नीट पुसून घेई. पाहुणे म्हणत, "तुमच्या घरची प्रार्थना कधी चुकत नाही हो!" तेव्हा आजीची मान ताठ होई. माझीही झाली असती, पण फितीला मान नसते.

मग तो उन्हाळा आला. उन्हाळ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. शाळेला सुट्टी लागते, रविवारच्या शाळेलाही लागते, आणि माणसांना वाटते की देवही कुठेतरी थंड हवेला गेला असेल. त्यातून या घरात उन्हाळा म्हणजे कामाचा हंगाम. सगळ्यांचे पंखे नेमके याच दिवसांत बिघडतात. सून घरी शाळेचे गणवेश शिवते, तिलाही मान वर करायला फुरसत नसते. अशातच आजीच्या लेकीचे दिवस भरत आले आणि आजी दोन महिन्यांसाठी तिच्याकडे निघाली.

निघताना तिने मला बोटांनी चाचपले. मी तेव्हा लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर होते.

"मी नसले तरी रोजचा अध्याय चुकवू नका रे," ती मुलाला म्हणाली. "आल्यावर फीत कुठे पोचली ते बघणार आहे मी."

"आई, तू अजिबात काळजी करू नकोस."

काळजी करू नकोस असे कुणी म्हणाले की मला हमखास काळजी वाटते. पहिले चार दिवस वाचन झाले. पाचव्या दिवशी सात वाजले तरी हाक आली नाही. शिलाई मशीनचा खडखडाट तेवढा चालू होता. सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी सकाळी कुणीतरी घाईघाईने पुस्तक उघडले, मला दोन अध्याय पुढे नेले आणि फटकन मिटले. एक शब्दही न वाचता! मग रोज सकाळी हेच. एक अध्याय पुढे आणि फट्. कोण असेल? सकाळी घरात सगळ्यांच्याच हातांना साबणाचा वास येतो, त्यामुळे मला काही कळेना.

संध्याकाळी आजीचा फोन येई. "झाला का रे अध्याय?"

"झाला, आई. फीत पुढे गेली बघ," मुलगा सांगे. हे ऐकले आणि चोर कोण ते मला कळले. फीत पुढे गेली होती हे खरेच होते. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

पण एवढ्यावर संपले नाही. दुपारी दुसरेच हात येऊ लागले. छोटे, घामेजलेले. ते मला मागे ओढत. ही त्याची आठ वर्षांची मुलगी. सतत तुरुतुरु पळते म्हणून घरात तिला खारूताई म्हणतात. पोरीला खेळायला दुसरे काही मिळाले नाही वाटते, असे म्हणून मी तिच्यावरही डूख धरला. पण शिवणाच्या टेबलाखाली बसून ती अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. अर्धे पान वाचायला तिला अर्धी दुपार लागे. मग हात जोडून प्रार्थना म्हणे आणि मला बरोबर त्याच ओळीवर ठेवी. मी खजील झाले. संशयाच्या भरात मी सरळ लेकराला खोडसाळ ठरवले होते.

एका दुपारी विसरलेली पक्कड न्यायला तिचा बाबा घरी आला. टेबलाखाली त्याला पाय दिसले.

"काय चाललंय गं तिथे?"

"वाचतेय. बाबा, ही फीत रोज पुढे पळते. मी मागे आणून ठेवते. कोण करत असेल हो?"

बाबाने घसा खाकरला. "पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटत असतील."

"पण आपला पंखा तर बंद आहे. तुम्हीच म्हणालात ना, रविवारी बघतो?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाबा पक्कड घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला हात लावणे बंद केले. मला वाटले, आता फोनवरही खरे सांगेल. पण संध्याकाळी त्याने पुन्हा "झाला, आई" म्हटलेच. फक्त आवाज बारीक झाला होता.

आजी परत आली. पाणी प्यायच्या आधी तिने बायबल मागितले आणि पानांची जाडी बोटांनी चाचपली.

"हे काय? फीत तर फार थोडी पुढे सरकलीय."

शिलाई मशीन थांबले. मला वाटले, आता हा वाऱ्याचे नाव घेणार.

"आई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "चार दिवस वाचलं. पुढे नुसती फीत सरकवत होतो. जे काही वाचलंय ते खारूताईने."

आजी बराच वेळ मला बोटाभोवती गुंडाळत राहिली. ती रागावेल अशी माझी खात्री होती.

"तिकडे मला वाचून दाखवणारं कोण होतं?" ती हळूच म्हणाली. "लेक बाळंतीण, जावई कामावर. पाठ आहे तेवढं तरी म्हणावं, तर बाळाला थोपटता थोपटता मीच पेंगायचे. एकही संध्याकाळ धड झाली नाही माझी. तू झाला म्हणालास की वाटायचं, चला, घरी तरी चाललंय. तेवढ्या आधारावर झोपायचे मी."

मित्रांनो, साऱ्या घरावर मी संशय घेतला होता, आजी तेवढी सोडून. आणि बाबाच्या खोट्या उत्तरावर कोण विसंबून होते, तेही मला तेव्हाच कळले. तो रडला. सुनेने कापड बाजूला सारले. खारूताईने बोट ठेवून ओळ दाखवली आणि बाबाने तिथून पुढे वाचायला सुरुवात केली.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. उन्हाळ्यात एखादा दिवस चुकलाच, तर माझ्यासारख्या फितीला आहे तिथेच राहू द्या. मागे पडलेल्या पानावरून पुन्हा सुरुवात करता येते. आणि लांबून कुणी तुम्हाला "झाला का अध्याय?" असे विचारले, तर खरे तेच सांगा. विचारणाऱ्याची स्वतःची संध्याकाळ कदाचित रिकामी गेलेली असेल, आणि तो तुमच्या उत्तरावर टेकून बसलेला असेल.