दादा येऊन गेले

माझ्या आंगणातल्या मोहाच्या झाडाखाली आजवर एकसष्ट वेळा दादा येऊन बसले, आणि त्यातली एकही वेळ खरी नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण एवढंच सांगण्यासाठी मला दोन एसट्या बदलून अहेरीपर्यंत जावं लागलं, आणि तिथं ते कोणी मानलं नाही.

दादा म्हणजे वाघ. आम्ही सावली तालुक्यातल्या आतल्या गावातले. आमच्याकडे वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं, अशी जुनी समजूत. धान कापताना एखादी बाई हळूच म्हणते, बांधावर दादा बसून आहेत, की बाकीच्या विळे तिथंच टाकून मुकाट्यानं घराकडे निघतात. हे झाले खरे दादा. माझे दादा निराळे. ते पाण्याचा भरलेला गुंड रिता करायचे, सुपारी-तंबाखूचा खर्रा मागायचे, सुपारी कमी पडली म्हणून माझ्याशी भांडायचे. एकदा जाताना मला म्हणाले, लटारू, सरपंचाले सांगून ठेव, लय माजला तो, एक दिवस उचलून नेतो त्याले. ही गोष्ट ऐकायला सरपंच स्वतः दोनदा आला, आणि दुसऱ्या वेळी पाहुणे घेऊन आला.

माझी नात ज्योत्स्ना त्या गोष्टी फेसबुकवर लिहायची. मी बोलायचो, ती दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायची. सुरुवात ठरलेली: काल दादा आंगणात आले. तिनं ते फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवलं होतं. गावातले लोक, तिच्या मामाकडचे, कॉलेजातल्या मैत्रिणी. सगळे आमच्याच भागातले, सगळ्यांना दादा ठाऊक.

पोरगी बी.कॉम. झाली होती. तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच लेकानं, ठरवून ठेवलं होतं की उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर लग्न. मुलगा वडशाचा, तांदळाच्या गिरणीवर कामाला. वाईट नव्हता. तिला नको होता एवढंच. म्हणून अहेरीकडच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली आणि लेखी परीक्षेत ती पहिली आली, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. मुलाखतीला सोबत म्हणून मी गेलो.

साहेब पुण्याकडचा, वयानं कोवळा, बोलायला गोड. मी दाराबाहेर बाकावर होतो, दार उघडं होतं. त्यानं टायपिंग पाहिलं, दाखले पाहिले, छान छान म्हणाला. शेवटी एक कागद पुढं केला. त्यावर फेसबुकचा पासवर्ड लिहायचा होता. म्हणाला, हा भाग असा आहे, आम्हाला काळजी घ्यावी लागते, सगळ्यांनाच विचारतो. लपवण्यासारखं काही नसेल तर हरकत नसावी.

ज्योत्स्नानं वळून माझ्याकडे पाहिलं.

आता पासवर्ड काय असतो ते मला कुठं माहीत? मला वाटलं, रहिवासी दाखल्यासारखा एखादा कागद असेल आणि पोरीनं तो पिशवीत आणलाच असेल. मी मान हलवली. देऊन टाक.

तिनं लिहून दिला.

साहेबानं वाचला आणि हसला. "दादा आले. कोण, भाऊ का?"

"नाही सर. वाघ."

त्यालाही गंमत वाटली. मग त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर तिचं फेसबुक उघडलं आणि वाचत बसला. आधी गोष्टी नाही वाचल्या. आधी तिनं मैत्रिणींना लिहिलेलं वाचलं. चांगला अर्धा तास. मधे दोनदा हसला. कशाला हसला ते ज्योत्स्नानं मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. ती टेबलाच्या कडेचा उखडलेला सनमायका बोटानं दाबत बसली होती. दाबला की चिकटायचा, सोडला की उठायचा.

मग साहेबाचं हसणं थांबलं. त्यानं हरिदासला बोलावलं. हरिदास तिथला बाबू, राहणार अहेरीचाच, सरळ माणूस.

"हरिदास, तुमच्याकडे दादा कोणाला म्हणतात?"

हरिदासनं पोरीकडे पाहिलं, दारातून माझ्याकडे पाहिलं. एखादा बिलंदर असता तर मोठ्या भावाले म्हणतात सर, म्हणून सुटला असता. हा खरं बोलणारा निघाला.

"आतल्या लोकायले म्हणतात सर. जंगलातल्या बंदूकवाल्यायले."

साहेब मोठ्यानं वाचू लागला. काल दादा आंगणात आले. मी म्हणलो, या, बसा. पाणी देल्लं, खर्रा देल्ला. जाताना म्हणाले, सरपंचाले सांगून ठेव. त्याच्या त्या स्वच्छ पुणेरी आवाजात माझी गोष्ट अशी वाजली की मी बाकावरून उठलोच. हीच गोष्ट ऐकून गावातल्या बाया पोट धरून हसल्या होत्या यावर माझाही विश्वास बसेना.

मी आत गेलो. म्हणालो, "साहेब, तो वाघ आहे. वाघ. पट्ट्याचा वाघ." तीन वेळा नाव घेतलं. सत्तर वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

"वाघ खर्रा खातो, आजोबा?"

"माह्या गोष्टीतला खाते."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"हाव. एकूणएक खोटं. मी खोटारडा माणूस आहो साहेब, गावात कोणालेबी पुसा."

"मग आत्ता खरं बोलताय कशावरून?"

वाघाशी सुपारीवरून भांडलेला मी. टोपी काढून हातात धरली.

साहेब वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यानं पाणी मागवलं. म्हणाला, माझा विश्वास बसेलही, पण वरच्यांना काय दाखवू? हे सगळं काढून टाका, मग बघू.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ज्योत्स्ना एकेक गोष्ट उघडायची, हळू आवाजात मला वाचून दाखवायची आणि पुसायची. मी म्हणालो, "वाचून कायले राह्यली? पुसून टाक ना." ती म्हणाली, "एकदा ऐकून घ्या आबाजी. तुमच्यापाशी तरी कुठी लिहून आहे?"

हरिदास चहा घेऊन आला आणि तिथंच उभा राहिला. दादांनी माझा चष्मा लावून पेपर वाचला, ती गोष्ट चालू होती. तो हसला. मग आत साहेबाच्या दाराकडे पाहून कप उचलू लागला. ज्योत्स्नानं तीही पुसली. शेवटची एसटी लागेपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट गेल्या. मधे माझी मलाच न आठवणारी एक निघाली. चांगली होती. आता पुन्हा आठवत नाही.

नवव्या दिवशी तिच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. उमेदवाराच्या खात्यातला बराचसा मजकूर अलीकडेच काढून टाकल्याचं आढळलं. त्याचं समाधानकारक कारण दिसत नाही. निवड होऊ शकत नाही.

ज्योत्स्नानं तो निरोप तीनदा वाचला. मग हरिदासला फोन लावून मला दिला. काढायला साहेबानंच सांगितलं होतं ना, मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं होतं, पण साहेबाची बदली झाली, नव्या साहेबाले हे माहीत नाई, अन् कागदावर तसं कुठी लिहून नाई. मग म्हणाला, "लटारूभाऊ, त्या दिवशी मी खोटं बोलाले पाहिजे होतं."

"ते ऐनवेळी नाई जमत गा," मी म्हणालो. "त्याले सवय लागते."

मोहाखाली लोक अजून येतात. विचारतात, काऊन लटारूभाऊ, दादा नाई आले का इतक्यात? मी म्हणतो, नाही आले. ते थोडा वेळ बसतात, खर्रा घोटतात, जातात. सरपंचही येऊन गेला. माझ्याकडून खरं ऐकायची त्यांना सवय नाही, आणि मलाही ते बरं बोलता येत नाही.

वडशाची माणसं परवा पोरगी पाहून गेली. ज्योत्स्नानं पोहे दिले, विचारलं तेवढं बोलली. आज सकाळपासून ती चंद्रपूरच्या कुठल्याशा ऑफिसचा अर्ज भरते आहे. उन्हाळ्याला अजून दोन महिने आहेत, म्हणते. मोबाइल डोळ्यांजवळ धरून आंगणात बसली होती. मी बाजूला जाऊन बसलो. फेसबुक अजून आहे का, म्हणून विचारलं. आहे, म्हणाली, रिकामं आहे. अजिबात नसलं तरी विचारतात, काऊन नाई म्हणून. पासवर्ड तेवढा बदलला.

"आता काय ठेवला?"

"वाघ."

मी नकळत बांधाकडे पाहिलं. "नाव कायले घेतलं पोरी?"

"कोणी मांगला तर सांगाले सोपा," ती म्हणाली, आणि पुढचा रकाना भरू लागली.