खालच्या गावाला कोण कळवणार?

मित्रांनो, जरा जवळ येऊन ऐका, आवाज बसलाय माझा. मी राजधानीतल्या पाणी खात्याचा जुना काळा टेलिफोन. नवा होतो तेव्हा इतका चकचकीत होतो, की अधिकारी बाई माझ्यात बघून केस सारखे करायच्या.

तेव्हा मला उसंत म्हणून नव्हती. कुठल्याही गावात नळ गळू दे, दुरुस्तीची परवानगी आमच्याकडूनच. विचारून विचारून लोक मेटाकुटीला यायचे. शेवटी कायदा बदलला आणि नळापासून धरणापर्यंत पाण्याचा कारभार गावांच्या हाती गेला. बरंच झालं हो. त्यांच्या गल्लीतल्या नळात राजधानीनं नाक कशाला खुपसायचं?

मग मात्र मला कोणी विचारेना. माझ्यावर फायली रचल्या, चहाचे कप ठेवले. फार वाईट वाटायचं. एके दिवशी बाई म्हणाल्या, "काढा एकदाचं हे धूड," आणि वायरमन पक्कड घेऊन आला.

तेवढ्यात मी वाजलो. नदीकाठच्या खालच्या गावची सरपंच बोलत होती. "मॅडम, पाणी झपाट्यानं चढतंय. वरच्या गावानं धरण सोडलं की काय? त्यांच्या कचेरीत कोणी फोन उचलत नाही. काठावर वस्ती आहे, माझी आई तिथंच राहते."

"ते आता आमच्या हातात नाही हो. तुम्ही दोन्ही गावांनी आपसात बघा."

"नळ ज्याचे त्याचे, मॅडम. नदी दोघांची आहे. मधे कोण बोलणार?"

बाईंनी वायरमनला हातानंच मागं सारलं. मग त्यांनी थेट धरणावरच्या चौकीला फोन लावला.

"दरवाजे उघडलेत?"

"हो, धरण भरलं. आमच्या समितीनं ठरवलं," चौकीदार म्हणाला.

"खाली कळवलंत?"

"ते कोणी कळवायचं, हे ठरलंच नाही, बाई."

"पाणी तासभर थोपवता येईल?"

"तासभर जमेल. पुढं नाही."

बाईंनी खालच्या गावाला तासाभरात वस्ती रिकामी करायला कळवलं आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. वायरमनही थांबला. बऱ्याच वेळानं मी पुन्हा वाजलो.

"वस्तीतली सगळी बाहेर आली, मॅडम. आई तेवढी चिडलीय, दूध चुलीवर राहिलं म्हणून."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं मला पुसलं. वायरमननं पक्कड पिशवीत टाकली.

मित्रांनो, मी थकलोय. नळ गळला म्हणून मला उठवू नका, ते तुमचं तुम्ही उत्तम करता. पण माझी वायर तोडू नका, आणि माझ्याजवळ एक माणूस बसवा. मी वाजू शकतो, उचलायला हात लागतो.