जास्तीचा रुपया

मरोळची मनाली आणि मुलुंडची रेवती यांची लढत जवळजवळ ठरली होती. दोघी एकाच वजनगटातल्या, दोघी अजून कुणाकडून न हरलेल्या. उपनगरातल्या बॉक्सिंगवाल्यांना दुसरा विषय नव्हता. आयोजक चंद्रप्रकाशने दोघींना पाच-पाच लाख कबूल केले होते. घोडं अडलं ते एका रुपयावर.

मनालीचे कोच धोंडिराम म्हणाले, आमची पोरगी राज्याची विजेती, तिला एक रुपया तरी जास्त हवा. रेवतीचे कोच काशीराम म्हणाले, आमची जास्त लढती जिंकलेली, रुपया तिला. रक्कम वाढवूनही भागेना, कारण प्रत्येकाला समोरच्यापेक्षा जास्त हवी होती. हे दोघे तरुणपणी एकमेकांशीच लढलेले. तेव्हाच्या कुठल्याशा निकालावरून आजतागायत अबोला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. चंद्रप्रकाशने हात जोडले, पाय धरले आणि शेवटी हॉलचं बुकिंग रद्द केलं.

पाच लाख गेल्याचं मनालीला वाईट वाटलंच, ती काही संत नव्हती. पण तिशी आली होती, डावा खांदा कुरकुरत होता, आणि आपण खरंच सगळ्यांत भारी आहोत का, हे सांगू शकणारी पोरगी एकच होती. ती संधी गेली याने तिचा जीव जास्त तुटत होता.

रविवारी सकाळी ती सरळ काशीरामांच्या व्यायामशाळेत गेली आणि त्यांच्या तळहातावर एक नाणं ठेवलं.

“हा घ्या तुमचा जास्तीचा रुपया, काका. आता लढू द्या आम्हाला.”

काशीरामांनी नाणं मुठीत धरलं. दोरीवरच्या उड्या थांबवून रेवती जवळ आली. “मला पण बघायचंय ना काका, हिच्यापेक्षा मी भारी आहे की नाही.”

काशीरामांनी फोन लावला. कित्येक वर्षांनी. “धोंड्या, तुझी पोरगी इथे येऊन माझी लाज काढतेय. ये. दोघी आत्ता इथेच लढणार म्हणतायत. मी एकटा रेफरी झालो तर उद्या बोंब मारशील.”

धोंडिराम आले, आणि आल्याआल्या मानाचा लाल कोपरा कुणाचा यावरून जुंपली. तेवढ्यात काशीरामांनी मूठ उघडून तोच रुपया पुढे केला. धोंडिरामांनी उडवला. लाल कोपरा रेवतीला गेला, आणि धोंडिरामांनी चक्क स्वतः मनालीचं स्टूल निळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

घंटा झाली. रेवतीचा पहिलाच ठोसा मनालीच्या नाकावर बसला, डोळ्यांत पाणी तरळलं. असा ठोसा तिला आजवर कुणी मारला नव्हता. मनाली जाम खूश झाली आणि पुढे सरकली.