लोंबती वायर

मधुकरकाकांचा घाटकोपरला कॉम्प्युटर क्लास आहे. दसऱ्याला ते तिथल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहून हार घालतात. पंख्यालासुद्धा सोडत नाहीत. यंदा त्यांची पुतणी गंधाली त्याच सकाळी क्लासच्या आतल्या खोलीत ऑनलाइन मुलाखतीला बसली होती. कंपनी सिंगापूरची, तिला कसला दसरा! काम नेटवर्क सांभाळायचं. वर्षभर घरी बसलेल्या गंधालीला ही नोकरी हवीच होती.

पहिलाच प्रश्न आला, सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात तो नेटवर्कचा स्विच काय करतो? गंधाली खुलली. निरोप ज्या वायरीतून येतो तिच्या टोकाला कोण आहे, हे स्विच लक्षात ठेवतो, ती सांगू लागली. पुढे त्याच्यासाठी काही आलं, की फक्त त्याच वायरीत सोडतो. पत्ता ठाऊक नसेल तर मात्र आलेली वायर सोडून बाकी सगळीकडे...

पडद्यावरचे दोन्ही साहेब तोंड उघडं ठेवून थिजले.

गंधाली धावत बाहेर आली. भिंतीवरच्या स्विचला झेंडूचा हार होता आणि त्यामागचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते.

"काका, कशाला हात लावलात?"

"कशाला नाही गं. एक वायर नुसतीच लोंबत होती, हाराखाली बरी दिसेना. रिकाम्या भोकात खोचली."

म्हणजे एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये! सगळ्यांसाठीचा निरोप एका टोकाने बाहेर पडून दुसऱ्याने आत येत होता आणि स्विच बिचारा तो नवाच समजून पुन्हा सगळ्यांना वाटत होता. खऱ्या कामाला जागाच उरली नव्हती. गंधालीने एक टोक उपटलं. दिवे ताळ्यावर आले.

मुलाखत पुन्हा जुळली. काय बिघडलं होतं ते तिने नीट समजावून सांगितलं. साहेब खूश. एकाने सहज विचारलं, हे केलं कोणी?

माझ्या काकांनी, गंधाली हसत इंग्रजीत म्हणाली. क्लास त्यांचाच, पण त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही.

साहेब खदखदून हसले. काका पेढे घेऊन दारात उभे होते आणि त्यांना इंग्रजी उत्तम येतं. गंधालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोकरी तिला मिळाली. काकांनी पेढा भरवला, पाठ थोपटली.

संध्याकाळी एक बाई मुलाचं नाव घालायला आल्या. इथे काय काय शिकवतात, त्यांनी विचारलं. तेवीस वर्षं क्लास चालवणाऱ्या काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि गंधालीकडे बोट दाखवलं.

"त्यांना विचारा. मला यातलं काही कळत नाही."