सहा नंबरच्या खाटेजवळचे बेसिन

दोन हजार अकरा साल होते ते. मित्रांनो, साल मी पक्के सांगू शकते, कारण त्याच वर्षी मला भिंतीवरून उतरवले. त्याआधी एकतीस वर्षे मी एकाच इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात, सहा नंबरच्या खाटेपासून दोन हातांवर उभे होते.

मी एक जुने बेसिन आहे. आता धोबीखान्यामागे भिंतीला टेकून पडले आहे. माझा एक कोपरा उडाला आहे आणि अंगावर चरे आहेत. पण एके काळी माझ्यात तोंड दिसावे इतके मी लख्ख होते.

माझा जन्म भट्टीतला. पांढरी माती साच्यात ओतून मला घडवले. मी ओले असतानाच एका कारागिराने मला उचलून फळीवर ठेवले आणि त्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या तळाशी उमटला. झिलईखाली तो अजून आहे. माणसाच्या हाताशी माझे नाते असे जन्मापासूनचे, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

वॉर्डात मला बसवले तेव्हा माझ्या कडेला एक ठेंगणा पितळी नळ होता. त्याची धार माझ्या उतरत्या अंगावर पडे आणि घरंगळत घशात जाई. घसा म्हणजे माझ्या तळाचे भोक आणि त्याखालची वाकडी नळी. हे जरा ध्यानात ठेवा.

वॉर्डाच्या प्रमुख नर्सबाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की जिन्यातला माणूससुद्धा खिशातले हात बाहेर काढी. त्यांचा एकच शब्द सगळ्यांना पाठ होता.

"हात!"

भेटायला कोणी आले की हात. डॉक्टर आले की हात. मग तो माणूस निमूटपणे माझ्यापुढे उभा राही. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठे, मनगटे. किती हात पाहिले मी! थरथरणारे, घाईतले, शाईने माखलेले. एका आजोबांचा हात त्यांच्या बायकोने धुऊन दिला होता, तोही आठवतो.

मोठ्या सिस्टरांचे आणखी दोन नियम होते. पहिला, जखमा बांधायची ट्रॉली माझ्या अगदी शेजारी उभी करायची. "हात धुतले की तडक कामाला लागायचं. मधे दाराची कडी नको नि पडदा नको," असे त्या म्हणत. दुसरा, इंजेक्शनच्या बाटल्यांच्या तळाशी उरलेले जंतू मारायचे औषध रोज सकाळी सगळ्यांदेखत माझ्या घशात ओतायचे. ते चुकून दुसऱ्या रोग्याला टोचले जाऊ नये, म्हणून. दोन्ही नियमांत त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. मीही ते औषध गुमान गिळत असे.

नंतर वॉर्डाची रंगरंगोटी झाली आणि माझा पितळी नळ गेला. त्याच्या जागी उंच मानेचा, कोपराने उघडायचा चकचकीत नळ आला. नळाला हातच लावायला नको, म्हणून सगळ्यांना त्याचे कौतुक. मलाही नव्या दागिन्यासारखा वाटला तो. फक्त त्याची धार आता थेट माझ्या घशात आदळू लागली. ते कोणाच्या लक्षात आले नाही. मला थोडा ठसका लागल्यासारखे होई, इतकेच.

त्या वर्षी सहा नंबरच्या खाटेवर एक नऊ वर्षांची मुलगी आली. शाळेच्या कठड्यावरून उडी मारताना नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते. आई घरी तान्ह्या बाळापाशी, म्हणून तिच्याजवळ वडील राहत. ते सुतार होते. हाडाला धातूची पट्टी बसवली, जखम शिवली, आणि चौथ्या दिवशी मुलीला कंठ फुटला. मोठे सर्जन तपासायला वळले तोच खाटेवरून आवाज आला.

"हात!"

सर दचकले. "कोण गं ते?"

"मी. सहा नंबर. आधी हात धुवा."

"अगं, मी खाली धुऊन आलोय."

"पण मग जिन्याचा कठडा धरून आलात. तुमची अंगठी वाजते त्याच्यावर, मी ऐकलंय."

वॉर्डातल्या मावशी, म्हणजे साफसफाई आणि रोग्यांची उठबस करणाऱ्या बाई, तोंडावर हात धरून हसू लागल्या. सर मुकाट्याने माझ्यापुढे उभे राहिले. "मोठ्या सिस्टर, या वॉर्डाला एक फौजदार पुरत नव्हता का?"

"मी निवृत्त झाल्यावर कोण? आत्तापासून तयार करायला नको?"

तेव्हापासून ती फौजदार झाली. दिवसभर तिचा पहारा चाले. तिच्या धाकाने माझा नळ पूर्वीच्या दुप्पट वाहू लागला. मित्रांनो, त्या दिवसांत माझ्याइतके सुखी बेसिन दुसरे नसेल.

चार नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या. त्या आणि फौजदार पत्ते खेळत. आजी सर्रास लबाडी करीत आणि पकडल्या गेल्या की म्हणत, "अगं, मला मोतीबिंदू आहे. बदाम नि इस्पिक सारखंच दिसतं मला."

"मग जिंकताना बरं नीट दिसतं?"

"जिंकताना देव दाखवतो."

एके दिवशी आजींना थंडी वाजून ताप भरला. जखमेतून हिरवट पू येऊ लागला. औषध दिले, बदलले, पुन्हा बदलले. दहाव्या दिवशी दुपारी आजी गेल्या. फौजदाराच्या उशाशी पत्ते अर्धवट वाटलेले तसेच होते.

मग दोन नंबरची जखम चिघळली, आणि पाठोपाठ फौजदाराची.

मोठ्या सिस्टरांनी जमीन दोनदा पुसायला लावली, चादरी उकळून आणवल्या, आणि "हात!" आणखी मोठ्याने म्हणू लागल्या. पण जितके हात धुतले जात तितके दुखणे वाढे. इस्पितळात कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजीला नेहमी गरीब मानच सापडते. मावशींच्या हाताला गुण नाही, त्या नीट धूत नाहीत, असे लोक बोलू लागले. मावशींनी माझ्यापुढे उभे राहून हात इतके घासले की बोटांची कातडी सोलवटली. मला बोलता आले असते तर!

मग तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून एक डॉक्टर बाई वर आल्या. सगळे त्यांना जंतूवाल्या बाई म्हणत. त्यांनी सर्जनांना नि मोठ्या सिस्टरांना माझ्याजवळच उभे करून सांगितले, "चार, दोन आणि सहा. तिन्ही जखमांत एकच जंतू आहे. आपल्या नेहमीच्या औषधांना तो भीक घालत नाही."

"एकही औषध उरलं नाही?" सर्जनांनी विचारले.

"एक आहे. जुनं आहे आणि मूत्रपिंडांवर भार टाकतं. रोज रक्त तपासत द्यावं लागेल."

सर्जन सुताराकडे वळले. "जखम उघडून साफ करू, आतली पट्टी काढू, औषध सुरू करू. तीन दिवसांत ताप उतरायला लागला तर ठीक. नाहीतर पोरगी वाचवायला गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

 सुतारांनी खाटेचा लोखंडी पाय नुसता घट्ट धरून ठेवला.

जंतूवाल्या बाईंनी सगळ्यांच्या हातांचे नमुने आधीच मागवून तपासले होते. मावशींचे हात सर्वांत स्वच्छ निघाले. मग बाई एक स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या. सकाळभर त्या काही करीत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. माझ्या घशात उरलेले औषध ओतले गेले तेव्हा त्यांची मान किंचित हलली.

"हे रोज ओतता?"

"रोज. माझा नियम आहे," मोठ्या सिस्टर ताठ मानेने म्हणाल्या.

बाईंनी लांब काडीला कापूस गुंडाळला आणि माझ्या घशात खोल फिरवला. मग ट्रॉली रिकामी करून तिच्यावर पांढरा कागद पसरला. डोळ्यांच्या विभागातून आणलेले रंगाचे पाणी माझ्या घशात ओतले. ते चांगले हिरवे होते. "आता हात धुवा," त्या मोठ्या सिस्टरांना म्हणाल्या. "रोज धुता तसे."

मोठ्या सिस्टरांनी कोपराने नळ उघडला. धार घशात आदळली. बेचक्या, नखे, अंगठे, मनगटे. नळ बंद झाला. सगळे कागदाकडे वळले.

कागदभर हिरवे ठिपके होते. मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. जिथे रोज जखमेवर ठेवायचा कापूस उघडा असे, तिथेही होते. दोन तर सहा नंबरच्या चादरीवर पोचले होते.

 दुसऱ्या दिवशी नमुन्याचा निकाल आला. माझ्या घशात तोच जंतू होता.

मित्रांनो, त्या वाकड्या नळीत एक बुळबुळीत थर साचला होता. मी त्याला माझे म्हातारपण समजत होते. त्या थरात जंतू राहत होते, आणि त्यांना रोज सकाळी थोडे थोडे औषध मिळत होते. मरण्याइतके नव्हे, नुसते सोसण्याइतके. जे कच्चे होते ते मेले. जे उरले ते रोजचा मार खाऊन कोडगे झाले, आणि त्यांची पिल्लावळही कोडगीच निपजली. मग नळाची धार त्यांना उडवून ट्रॉलीवर नेत असे. मी हात धुऊन देत होते आणि त्याच वेळी जखमांवर थुंकत होते.

मोठ्या सिस्टरांनी सुताराला माझ्याजवळ बोलावले. "दादा, जरा बसा."

"उभाच बरा आहे. बोला."

"तुमच्या मुलीच्या जखमेत जे गेलं ते या बेसिनमधून गेलं. ट्रॉली इथे ठेवायचा नियम माझा. औषध इथे ओतायचा नियमही माझाच."

सुताराने माझ्याकडे पाहिले, मग नळाकडे. "धार भोकावरच पडतेय की. नवशिक्यालासुद्धा हे दिसेल."

"मला दिसलं नाही. त्या आजींच्या वेळी दिसायला हवं होतं."

मोठ्या सिस्टरांचा आवाज फुटला. एकतीस वर्षांत तो मी प्रथमच फुटलेला ऐकला. सुतारांनी नळावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिले.

"मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"मग आता काय करणार ते सांगा. रडायचं ते नंतर रडू."

मोठ्या सिस्टरांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. ट्रॉली त्याच तासाला हलली. माझ्या नळाला फडके बांधले. फौजदाराची खाट दुसऱ्या भिंतीला गेली. जाताना तिने विचारले, "म्हणजे मी सगळ्यांना हात धुवायला लावत होते, तेव्हाच ते उडत होतं?"

मोठ्या सिस्टर तिच्या उशाशी वाकल्या. "हात धुवायला लावलंस ते बरोबरच होतं, बाळा. चूक पाणी पडायच्या जागेत होती. ती बघायचं काम माझं होतं, तुझं नव्हे."

"मग मी अजून फौजदार आहे?"

"आहेस तर. ताप उतरव आधी."

औषध सुरू होऊन त्या दिवशी दुसरा दिवस होता. ताप हटत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे तीन. दुपारी एकशे दोन. सर्जन दोनदा येऊन गेले आणि शस्त्रक्रियेची खोली राखून ठेवा म्हणाले. चार वाजता मावशी पाणी पाजायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, हिला घाम फुटलाय! उशी भिजली सगळी!"

एकशे एक.  पाय राहिला.

मी मात्र राहिले नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझी नळी कापली, घशात जळजळीत औषध ओतून मला पोत्यात बांधले आणि इथे आणून टाकले. मी रागावले नाही. माझ्या जागी आलेल्या बेसिनमध्ये धार कडेला पडते आणि त्यात काहीही ओतत नाहीत, असे धोबीखान्यातल्या बायका बोलताना मी ऐकले आहे.

त्या सगळ्यांचे पुढे काय झाले, तेही इथेच कळत गेले. दोन नंबरच्या बाई तीन महिन्यांनी चालत घरी गेल्या. मावशींची कुणी माफी मागितली की नाही ते मला ठाऊक नाही; पण नव्या नर्सना हात कसे धुवायचे ते पुढे त्याच शिकवू लागल्या. जंतूवाल्या बाई दुसऱ्या शहरात गेल्या, आणि म्हणे तिथेही स्टूल घेऊन बसतात. सुतारांनी वॉर्डासाठी एक उंच स्टूल करून पाठवले होते, बाईंचे फार डगमगते म्हणून. फौजदाराचा तो पाय बोटभर आखूड राहिला. ती आता शाळेत भूगोल शिकवते, आणि आजींचे पत्ते तिच्याकडे आहेत. आजी काही परत आल्या नाहीत. त्यांचा विषय निघाला की मला अजून माझा घसा आठवतो.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी मला शोधत इथे आल्या. एकट्याच होत्या. खूप वेळ उभ्या राहिल्या. मग सवयीने त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात माझ्यावर धरले. नळ कुठे होता? पाणी कुठे होते? तरी बेचक्या, नखे, अंगठे, मनगटे, असे सगळे एकदा झाले. मग हात तसेच कोरडे मागे घेऊन त्या निघून गेल्या.

मित्रांनो, औषध डॉक्टरांनी सांगितले तेवढे आणि तितके दिवस घ्या. उरलेले मोरीत ओतू नका. हात तर धुवाच. फौजदाराची आण आहे तुम्हाला. पण धुऊन झाल्यावर क्षणभर थांबा, आणि पाणी कुठे पडते आहे तेही बघा.