रविवारचं वजन

माझ्या कासवाला आम्ही पंत म्हणायचो. हिवाळ्यात पंत झोपत. चांगले तीन महिने, न खाता-पिता. थंडी कमी-जास्त झालेली त्यांना चालत नसे, म्हणून दरवर्षी दादाच्या औषधांच्या दुकानातल्या जुन्या फ्रिजमध्ये त्यांची पेटी ठेवायची. त्याआधी तीन आठवडे उपास, कारण पोटात अन्न राहिलं तर ते आतच सडतं. मग रोज दार उघडून हवा द्यायची आणि दर रविवारी वजन करायचं. वजन झपाट्याने उतरलं तर लगेच उठवायचं.

या वर्षी ऐन वेळी मीच इस्पितळात आडवी झाले. उपास मी करवून घेतला होता. पुढचं सगळं दादावर सोपवलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "आठशे दहा ग्रॅम. तुझ्यापेक्षा पंतांची तब्येत बरी आहे बघ!" मी हसायचे आणि त्या आकड्यावर पुढचा आठवडा काढायचे. पंत उठायच्या आत घरी जायचं, एवढंच मनाशी धरलं होतं.

मला एक दिवस आधी सोडलं, तशी न कळवता थेट दुकान गाठलं. फ्रिजवर वही होती. ८१२, ८१०, ८०८, ८०६... दर आठवड्याला बरोब्बर दोन ग्रॅम. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं शिवणकाम करतेय मी. जिवंत अंगाचं माप असं शिस्तीत उतरत नाही. पेटी उघडली. आत नुसती कागदाची कात्रणं.

"दुसऱ्याच आठवड्यात गेले गं," दादा काउंटरमागून म्हणाला. "झोपवायच्या आदल्या दिवशी मी त्यांना काकडी घातली होती. उपाशी बघवेना."

ती चूक मी गिळली असती. पण दहा रविवार?

"तुझी अवस्था काय होती! धक्का बसला असता तुला."

"म्हणून खोटे आकडे बनवलेस? वर वहीत लिहिलेस?"

"तुला काय सांगितलं ते लक्षात राहावं म्हणून."

माझा आवाज ऐकून औषधाला आलेली बाई मागच्या मागे निघून गेली. या माणसाइतका विश्वास मी जन्मात कुणावर टाकला नव्हता. मी स्टुलावर बसले.

"दादा, माझे रिपोर्ट तूच आणलेस ना? डॉक्टर काय म्हणाले?"

"सगळं छान आहे गं," तो लगेच म्हणाला, अगदी फोनवरच्या त्याच हसऱ्या आवाजात.